जोडीच्या तारा

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत नवा तंबोरा लावून बघतात तेव्हा हात आधी मधल्या दोन तारांकडे जातो. त्यांना जोडी म्हणतात. दोन्ही षड्जात, एकाच जागी. दोन तारा आहेत हे कानाला कळेनासं झालं की जोडी लागली, मग पंचमाचं आणि खर्जाचं बघायचं. आयर्लंडचं जुनं हार्प लावायची सुरुवातही अशीच व्हायची. तीसेक तारांच्या त्या वाद्यात शेजारशेजारच्या दोन तारा मुद्दाम एका सुरात ठेवत आणि त्यांना बहिणी किंवा सोबतिणी अशा अर्थाचं नाव होतं. आधी त्या जुळवायच्या, मग त्यांच्यावरून बाकीच्या. तारा पितळेच्या असत. आपल्या तंबोऱ्याचा खर्जही पितळेचाच असतो.

कृष्णेच्या काठच्या कारागिरांचा आणि आयर्लंडच्या आंधळ्या हार्पवाल्यांचा एकमेकांशी काही संबंध आलेला नाही. पण दोघांच्या गोष्टी शेजारी ठेवल्या की एक जुना प्रश्न नीट दिसतो. एका छेडायच्या वाद्याचं संगीत दुसऱ्या छेडायच्या वाद्यावर नेलं, तर त्यातलं काय पोचतं आणि काय वाटेत सांडतं? आयरिश हार्पच्या चाली आज गिटारवर, मँडोलिनवर सर्रास वाजतात. आपल्याकडे बीनेचं संगीत सतारीवर आलं. या दोन्ही प्रवासांवर बरंच लिहून झालं आहे, पण त्यात वाद्य बनवणारा माणूस फारसा सापडत नाही. माझ्या मते सगळी गंमत त्याच्यापाशी आहे.

आधी आयर्लंड. १७९२ च्या जुलै महिन्यात बेलफास्टमध्ये उरलेसुरले हार्पवादक गोळा केले गेले. दहा आयरिश आणि एक वेल्श असे अकराच जण आले. त्यातले बरेच आंधळे होते. देवी येऊन डोळे गेलेल्या मुलाच्या हाती हार्प देणं ही तिकडची रीत होती, जशी आपल्याकडे भजनातली एकतारी. एडवर्ड बंटिंग नावाचा एकोणीस वर्षांचा ऑर्गनवादक कागद घेऊन बसला आणि त्याने चाली उतरवून घेतल्या. जमलेल्यांत नव्वदी ओलांडलेला डेनिस हेम्पसन होता. जुन्या पद्धतीने वाढवलेल्या नखांनी पितळी तारा छेडणारा तो एकटाच उरला होता.

बंटिंगने १७९६, १८०९ आणि १८४० साली तीन संग्रह छापले. त्याचे उपकार मोठे आहेत, पण त्याने चाली छापल्या त्या पियानोसाठी. घरोघरी पियानो होता, पुस्तक खपायचं तर तेच करावं लागणार. डाव्या हाताला त्याने आपल्या मनाची साथ जोडली आणि काही चालींचे स्वरही पियानोच्या सोयीने वळवले. हेम्पसनचं नख तारेवरून कसं निघायचं, कोणती तार वाजती ठेवायची आणि कोणती बोटाने लगेच दाबायची, हे कागदावर जवळजवळ आलंच नाही.

दाबण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. पितळेची तार छेडली की बराच वेळ वाजत राहते. तीस तारा आणि दहा बोटं. मागचा सूर थांबवला नाही तर पुढचा त्याच्यात बुडतो आणि सगळ्याचा काला होतो. म्हणून जुन्या हार्पवादकाची निम्मी कला सूर काढण्यात होती आणि निम्मी तो योग्य वेळी मिटवण्यात. बंटिंगने या ठोक्यांची आणि दाबांची काही आयरिश नावं नोंदवली आहेत, तेवढाच धागा पुढच्यांच्या हाती लागला. मधल्या काळात वाद्यच बदललं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला डब्लिनच्या जॉन इगनने आतड्याच्या तारांचं, हलकं, सुटसुटीत हार्प बनवलं आणि आयरिश हार्प हे नाव त्यालाच चिकटलं. विलोच्या एकसंध ओंडक्यातून कोरलेलं, पितळी तारांचं जुनं वाद्य संग्रहालयात गेलं. ट्रिनिटी कॉलेजातलं असं एक हार्प आयर्लंडच्या युरो नाण्यांवर आहे. हेम्पसनचं १७०२ साली बनलेलं हार्प एका प्रसिद्ध बिअर कंपनीच्या मालकीचं आहे.

त्या परंपरेतलं सगळ्यात गाजलेलं नाव टर्लो ओ कॅरोलन याचं. तो १६७० ते १७३८ या काळात होऊन गेला. अठराव्या वर्षी देवीने डोळे गेले, तीन वर्षं हार्प शिकला आणि मग घोड्यावर बसून जमीनदारांच्या घरी फिरत त्यांच्या नावाने चाली बांधत राहिला. डोनल ओ सलिव्हन यांनी १९५८ साली त्याच्या २१३ चाली दोन खंडांत छापल्या. या चालींची बहुतेक एकेरी ओळच शिल्लक आहे. त्याचा डावा हात खालच्या तारांवर काय करायचा याला पुरावा जवळजवळ नाही. त्यामुळे १९७० नंतर गिटारवाल्यांना रान मोकळं मिळालं. ज्याने त्याने आपापला खर्ज जोडला आणि कॅरोलन गिटारवर असा काही बसला की तो हार्पवादक होता हे ऐकणारे विसरले. मला ती गिटार कधी कधी जरा जास्तच गोड लागते. सगळं गुळगुळीत, कुठे तारेची धार नाही.

पण त्याच गिटारवाल्यांनी एक गोष्ट अचूक पकडली, आणि ती आपल्या कानाला लगेच पटते. डेव्ही ग्रॅहमने मोरोक्कोत ऊद ऐकलं आणि गिटारच्या सहा तारा वेगळ्या लावायला सुरुवात केली. ती लावणी आपल्या भाषेत सांगायची तर सा प सा म प सा. म्हणजे गिटारचा तंबोराच झाला. १९६३ साली त्याने एका आयरिश गाण्याची चाल अशी काही वाजवली की तिच्या नावातच राग हा शब्द आला. हार्पच्या चालींना पुढे ही लावणी फार मानवली, कारण मोकळ्या तारा आपोआप गुंजत राहतात आणि जुन्या हार्पचा झंकार थोडाफार परत येतो. आयर्लंडमध्ये संगीतकार शॉन ओ रियाडाने वेगळी वाट काढली. आतड्याच्या तारांचं नवं हार्प त्याला जुन्याच्या जवळचं वाटेना, म्हणून तो धातूच्या तारांच्या हार्पसिकॉर्डकडे वळला. नावापेक्षा धातूचं नातं जवळचं, हा त्याचा हिशोब. अमेरिकेतल्या अ‍ॅन हेमन यांनी तर मुळातच हात घातला. पितळी तारांचं हार्प घेतलं, नखं वाढवली आणि बंटिंगच्या नोंदींवरून दाबायची रीत पुन्हा उभी केली. हे काम कागदावरून झालं खरं, पण तार पितळेची नसती तर कागदाचा अर्थ लागलाच नसता.

आता आपल्याकडे. हार्प परदेशी, असं आपण धरून चालतो. समुद्रगुप्ताच्या नाण्यावर राजा मांडीवर वीणा घेऊन बसला आहे, ती वीणा म्हणजे धनुष्यासारखं वाकलेलं हार्पच. नाट्यशास्त्रातली सात तारांची चित्रा आणि नऊ तारांची विपंची ही त्याच कुळीतली. एका तारेला एक सूर, पडदा नाही, मींड नाही. बावीस श्रुती समजावून देताना भरतमुनींनी दोन सारख्या वीणा घ्यायला सांगितल्या आहेत, एक अचल आणि दुसरीच्या तारा थोड्या थोड्या उतरवत न्यायच्या. तो प्रयोग हार्पवरचा आहे. नंतर हे वाद्य आपल्याकडून साफ नाहीसं झालं. त्याच्यावर वाजणाऱ्या चालींपैकी एकही आपल्यापाशी नाही, शास्त्र तेवढं राहिलं. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर लिहिला तोवर वीणेची दांडी सरळ झाली होती. एकतंत्रीबद्दल लिहिताना त्याने उजव्या हाताचे, डाव्या हाताचे आणि दोन्ही हातांचे व्यापार वेगवेगळे सांगितले आहेत. वाद्याचं संगीत हातात असतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि इथे सांगलीचा प्रवेश होतो. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. नोकरीनंतर त्यांनी श्रुतींचा ध्यास घेतला. तारेची लांबी मोजून बावीस श्रुतींची गणितं मांडली आणि १९१० साली इंग्रजीत पुस्तक काढलं. अर्नेस्ट क्लेमेंट्स हे आयसीएस न्यायाधीश त्यांना येऊन मिळाले, त्यांचं पुस्तक १९१३ चं. गळ्याची साक्ष हवी म्हणून गवई अब्दुल करीम खाँना सोबत घेतलं. मग त्या श्रुतींसाठी लंडनहून खास पेटी बनवून आणली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या श्रुतींवरून खडाजंगी झाली आणि भातखंडेंच्या बाजूने त्या मांडणीला कडक विरोध झाला.

या वादात कोण बरोबर, यात मला इथे पडायचं नाही. मला दिसतो तो योगायोग. बेलफास्टमध्ये हार्पचं संगीत पियानोवर गेलं, सांगलीत हार्पचं शास्त्र बाजाच्या पेटीवर गेलं. दोन्हीकडे माणसं कष्टाळू आणि प्रामाणिक, दोन्हीकडे मधला पूल कागदाचा, आणि दोन्हीकडे पलीकडच्या काठावर पट्ट्यांचं वाद्य. बंटिंगच्या चाली निदान वाजत राहिल्या. देवल-क्लेमेंट्स यांची पेटी कुतूहलाची वस्तू होऊन बसली.

मात्र त्याच काळात, त्याच मुलखात, एका वाद्यावरून दुसऱ्या वाद्यावर जाण्याचं एक काम कागदाशिवाय चाललं होतं आणि ते चांगलं चाललं होतं. बीन म्हणजे रुद्रवीणा. पोकळ दांडी, तिच्या खाली दोन भोपळे, मेणात बसवलेले पडदे. एकदा बसवले की बसले, सरकत नाहीत. सतारीचे पडदे दोऱ्याने आवळलेले, रागाप्रमाणे खालीवर करता येतात. बीनेचा आवाज खोल, आलाप लांब, गती संथ. सतार मुळात चटपटीत, तिचा प्राण गतीत आणि दिर दा दिर दा रा दा दा रा या मसीतखानी बोलांत. बीनकार घराबाहेरच्याला बीन शिकवत नसत अशी ख्याती होती. शिष्य फारच चिकट निघाला तर त्याच्या हाती सतार द्यायची. पण सतारीवर तो आलाप मावेना. मग मोठ्या भोपळ्याचा, जाड तारांचा, खालच्या सप्तकात लावलेला सुरबहार आला. त्याचं श्रेय लखनौकडचे गुलाम मोहंमद खाँ यांना देतात, इमदादखानी घराण्यातले लोक साहबदाद खाँचं नाव घेतात. श्रेय कोणाचंही असो, गोष्ट एकच. संगीत हलवायचं तर आधी वाद्य मोठं करावं लागलं.

आपल्या भागाचा धागा बंदे अली खाँ या बीनकारापासून निघतो. किराणा घराण्याच्या संथ, सुरासुराने वाढणाऱ्या आलापीमागे त्यांची बीन आहे असं जाणकार म्हणतात, आणि मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ स्वतः बीन वाजवत असत. म्हणजे बीनेचा आलाप आधी गळ्यात उतरला. त्याच बंदे अली खाँचे शिष्य रहिमत खाँ धारवाडला राहिले आणि त्यांनी सतारीवर नाव कमावलं. सतारीच्या तारांची मांडणी बदलून खर्जाला जागा केल्याचं श्रेय त्यांना देतात. त्यांचे नातू बाळे खाँ धारवाडला आणि उस्मान खाँ पुण्याला, दोघेही सतारिये. इथे वाचकाने नावांचा घोळ करून घेऊ नये. भूगंधर्व रहिमत खाँ हे ग्वाल्हेरचे गवई, सर्कसवाले विष्णुपंत छत्र्यांबरोबर हिंडलेले, ते वेगळे. आणि धारवाडच्या रहिमत खाँच्या मुलाचं नाव अब्दुल करीम खाँच होतं, तेही सतारवाले, मिरजेचे नव्हेत. मी स्वतः एकदा या चौघांना दोघांत बसवून मोकळा झालो होतो.

धारवाडच्या या सतारीत खर्ज आला म्हणून बीनेसारखं खाली उतरता आलं. मुंबईत अब्दुल हलीम जाफर खाँही बीनकारांच्या परंपरेत शिकले, पण त्यांनी उलट केलं. बीनेची गंभीरता ओढून न आणता सतारीच्या डाव्या हाताच्या करामती वाढवल्या, त्याला जाफरखानी बाज म्हणतात. विलायत खाँनी खर्जाच्या जाड तारा काढून टाकल्या आणि मधल्या भागात ख्याल गायला. रविशंकरांनी खर्ज ठेवला आणि आलापात बीनेसारखे खाली गेले. तिकडे बीनही गप्प बसली नव्हती. झिया मोहिउद्दीन डागर यांनी दांडी-भोपळे मोठे करवून घेतले, नखी काढून टाकली आणि उघड्या बोटांनी धृपदाचा आलाप वाजवला. पनवेलजवळच्या पळस्प्यात त्यांचं गुरुकुल होतं. हेम्पसनला नख हवं होतं, डागरांना नखी नको होती. दोघांनाही ठाऊक होतं की सूर तारेत जन्मतो तो तिला काय लागलं त्यावरून.

हे सगळं कलावंतांच्या नावाने सांगितलं जातं. पण रविशंकरांची जवारी खुली आणि विलायत खाँची बंद, हे ज्याने कानसाने घासून दिलं तो कोण? जवारी म्हणजे घोडीच्या माथ्याचा तो किंचित उतार. तार त्याला टेकत टेकत सुटते आणि सुराला झणक येते. उतार केसभर बदलला तर तीच सतार दुसरी होते. बीनेचा लांब आलाप सतारीवर आणायचा तर सूर टिकला पाहिजे, सूर टिकवायचा तर जवारी, तारेची जाडी, तबलीची जाडी आणि भोपळ्याचं पोट हे सगळं एकमेकांना धरून बदलावं लागतं. हे काम कारागिराचं. आयर्लंडात गाडं अडलं ते इथे. तिथे चाली कागदावर वाचल्या, पण पितळी तारांचं हार्प बनवणारे हात राहिले नाहीत. दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी लोकांना जुन्या वाद्यांची मापं घेऊन नव्याने शिकावं लागलं. आपल्याकडे कागद फारसा नव्हता, हात होते.

ते हात मिरजेत मूळचे शिकलगारांचे. शिकलगार म्हणजे हत्याराला धार लावणारे. संस्थानांच्या लढाया संपल्या, तलवारींना गिऱ्हाईक राहिलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगार यांनी गवयांचे मोडके तंबोरे दुरुस्त करता करता नवे बनवायला सुरुवात केली आणि मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी पाठबळ दिलं, असं सांगतात. दुरुस्तीतून निर्मिती, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. दुरुस्त करणारा वाद्य उलगडून पाहतो, दहा गावच्या दहा कारागिरांची कामं त्याच्या हाताखालून जातात. जो तंबोरा दुरुस्तीला येतो तो काहीतरी शिकवून जातो.

मिरजेचा माल सगळा मिरजेचा नसतो. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा, भीमेच्या काठचा. तो कडू, खाण्याचा नव्हे, वेलावर मोठा होऊ द्यायचा आणि मग महिनोन् महिने वाळवायचा. लाकूड तुणीचं. भोपळा भिजवून, आतून काड्यांचा ताण देऊन त्याला आकार देतात, मग तबली, गळा, दांडी, खुंट्या. घोडी पूर्वी सांबरशिंगाची असे. कायद्याने ते बंद झालं, आता हाड, शिसव आणि प्लास्टिकसुद्धा. जुने लोक शिंगाच्या जवारीचं कौतुक सांगत बसतात. थोडं खरं असेल, थोडा गतकाळाचा मोह. २०२४ साली मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा या दोघांना भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण मानांकन पाटीचं रक्षण करतं, कानाचं नव्हे. १९७९ च्या सुमारास बंगळूरहून इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, नंतर तो मोबाइलात शिरला, आणि गाणं शिकणाऱ्या पोराला तंबोरा लावायची गरजच राहिली नाही. ज्याने कधी जोडी जुळवली नाही, तो कारागिराला जवारीबद्दल काय सांगणार? मागणारा कान बोथट झाला की घासणारा हातही हळूहळू होतो. या धंद्याला खरी भीती याची आहे. ती कुठल्या योजनेत बसत नाही.

सातारा जिल्ह्याकडे वळलं की छेडायच्या वाद्यांचं वेगळंच राज्य लागतं. आधी एक विरंगुळा. सतार हा शब्द फारसीतल्या तीन तारांवरून आला, पण आपल्याकडचे लोक बेधडक सात तारांची म्हणून सतार असं सांगतात, आणि साताऱ्याचा उलगडाही साताच्या आकड्यावरूनच करतात. दोन्हीकडे सात आले, पण साताऱ्यात सतार नाही, मिरजेला जावं लागतं. साताऱ्याच्या वाटेवर दिसते ती वारकऱ्याची वीणा. आषाढात ज्ञानेश्वरांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी या जिल्ह्यातून जाते तेव्हा प्रत्येक दिंडीत एक विणेकरी असतो. गळ्यातली वीणा तो खाली ठेवत नाही, दुसऱ्याच्या गळ्यात घातल्याशिवाय सोडत नाही. या वीणेवर चाल वाजत नाही, नुसता आधार. भोपळा, दांडी, तारा, दिसायला बीनेची धाकटी बहीण, पण तिने स्वतःची चाल कधी मागितलीच नाही. शाहिराचं आणि गोंधळ्याचं तुणतुणं तर एका तारेचं. तेही चाल वाजवत नाही, तालाच्या अंगाने सूर धरून ठेवतं. वाद्याचं संगीत दुसऱ्या वाद्यावर न्यायच्या प्रश्नात ही वाद्यं बसत नाहीत असं पहिल्यांदा वाटतं. पण कॅरोलनच्या चालींतून हरवलेला डावा हात आठवा. खाली काय वाजत होतं हे कोणी लिहून ठेवलं नाही, कारण ते चालीत मोजलंच नव्हतं. तुणतुण्याचंही तेच. पोवाड्याचे शब्द छापले जातात, चालीचं स्वरलेखन होतं, आणि तुणतुण्याची ती अखंड तुणतुण कुठल्याच पुस्तकात नसते. उद्या कोणी नुसत्या पुस्तकावरून पोवाडा उभा करायला गेला तर तो बंटिंगच्या पियानोसारखाच उभा राहील.

औंधचं उदाहरण दुसऱ्या टोकाचं आहे. तिथल्या संस्थानचे दरबारी गायक अंतुबुवा जोशी यांनी १९४० साली संगीत उत्सव सुरू केला, तो आजही भरतो. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा गवई, आणि व्हायोलिनवरही तेवढाच हात. व्हायोलिनला पडदे नाहीत, सूर गजाने हवा तितका ओढता येतो, त्यामुळे गळ्यातला ख्याल त्यावर फारशी मोडतोड न होता उतरतो. छेडायच्या वाद्याला ही चैन नाही. छेडल्या क्षणापासून सूर मरायला लागतो. त्या मरणाचं काय करायचं, हाच हार्पवाल्याचा, बीनकाराचा आणि सतारियाचा सामाईक धंदा. हार्पवाला त्याला बोटाने संपवतो, सतारिया तो संपायच्या आत मींड ओढून घेतो, आणि तरफा, म्हणजे पडद्यांखालच्या आपोआप गुंजणाऱ्या तारा, मागे उरलेलं सांभाळतात.

मग कॅरोलनची चाल मिरजेच्या वाद्यांवर वाजवायची झाली तर? सतारीवर बसवून पाहिलं की अडचण लगेच हाताला कळते. त्याच्या बऱ्याच चाली आपल्या बिलावलाच्या स्वरांत बसतात, तेव्हा पडद्यांचा त्रास नाही. त्रास उड्यांचा आहे. कॅरोलनला इटालियन संगीताचं वेड होतं, सा ग प सा असे टप्पे घेत तो वरखाली जातो. हार्पवर त्यासाठी चार तारा तयारच असतात. सतारीवर एकाच बाजाच्या तारेवर बोट धावत न्यावं लागतं, आणि धावताना सतारियाचं बोट सवयीने एखाद्या सुराला ओढतं. त्या एका ओढीने आयरिश चालीचं ठुमरीत रूपांतर होतं. ऐकायला बरं वाटतं, पण ती कॅरोलनची राहत नाही. आयरिश चाल सतारीवर ऐकून माना डोलावणाऱ्यांना माझं सांगणं, डोला, पण ती सतारीची चाल झाली आहे हे मान्य करा.

हार्पचं खरं नातं सतारीशी नाहीच, स्वरमंडळाशी आहे. एका तारेला एक सूर, रागाप्रमाणे तारा लावून घ्यायच्या, धातूचा लांब झंकार. मिरजेत स्वरमंडळंही बनतात. पण आपण त्याला गवयाच्या मांडीवर बसवलं, किशोरीताई आमोणकरांसारख्यांनी गाण्याला त्याची झालर दिली, आणि त्याच्यावर कोणी स्वतंत्र चाल वाजवायच्या फंदात पडलं नाही. कॅरोलनला मिरजेत पाहुणा म्हणून उतरवायचं तर स्वरमंडळाकडे उतरवावं, दाबायची रीत हेमनबाईंसारखी शिकून घ्यावी, आणि कारागिराला सांगून तारांमधलं अंतर थोडं वाढवून घ्यावं, म्हणजे दाबणाऱ्या बोटाला जागा मिळेल. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. सुरबहारापासून डागरांच्या बीनेपर्यंत प्रत्येक वेळी हेच झालं आहे. आधी कोणीतरी कारखान्यात जाऊन म्हणालं की हे असं नको, तसं कर.

स्वरलिपीच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर मी एकतर्फी ठरेन. कुरुंदवाडला जन्मलेले आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले विष्णु दिगंबर पलुसकर, आणि मुंबईचे भातखंडे, जे तरुणपणी सतार शिकले होते, दोघांनी आपापली स्वरलिपी काढली. त्यातून हजारो घरांत गाणं पोचलं. बंटिंग नसता तर आज अ‍ॅन हेमनही नसत्या. कागद वाईट नाही. तो एकटा पुरत नाही, एवढंच. त्याच्यावर जोडीची तार उतरवता येत नाही, कारण तिचं काम दिसायचं नसतं. कागदावर दोन सा लिहिले तर ते दोन दिसतात, तंबोऱ्यावर ते एक व्हायला हवेत.

मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या दिवसांत अब्दुल करीम खाँच्या नावाने गाणं होतं. खाँसाहेब १९३७ साली पाँडिचेरीच्या प्रवासात एका लहानशा स्टेशनवर गेले, कबर मात्र मिरजेत दर्ग्याशेजारी आहे. चिंचेच्या झाडाखाली बैठक असते. गवई बसायच्या आधी बराच वेळ नुसते तंबोरेच लागत असतात. गर्दीत कोणी लवकर सुरू करा म्हणून कुजबुजतं, लहान पोरं झोपेला येतात. तंबोऱ्यावर बसलेला पोरगा जोडी लावतो, गवई मान हलवत नाही, पोरगा मणी पुन्हा सरकवतो. कित्येकदा गल्लीतलाच एखादा सतारमेकर उठून पुढे येतो, तंबोरा मांडीवर घेतो आणि घोडीवर, तारेखाली, जवारीचा सुती दोरा केसभर मागे करतो.